राजीनामा मागायचा कोणी?

प्रश्न : महाराष्ट्राचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर पत्त्यांचा खेळ उघडून बसल्याचा व्हिडिओ जुलै 2025 मध्ये माझ्या निफाडच्या मामेभावाने मला पाठवला. खाली त्याने एकच ओळ लिहिली होती : 'मे महिन्यात भिजलेल्या कांद्याचे पैसे अजून आलेले नाहीत.' पुढे मंत्र्यांचे खाते बदलले, मंत्रिपद मात्र तेव्हा राहिले. आमच्या मंडळातील ज्येष्ठ म्हणतात की युतीच्या सरकारात मुख्यमंत्र्यांचे हात बांधलेलेच असतात. हे खरे आहे का?
— एक निवृत्त शिक्षिका, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : कायद्यापुरते बोलायचे तर हात बांधलेले नसतात. घटनेच्या कलम 164 नुसार इतर मंत्र्यांची नेमणूक राज्यपाल मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने करतात. घटकपक्षाच्या अध्यक्षांच्या संमतीचा उल्लेख तेथे कुठेही नाही. त्याच कलमाप्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असते, त्यामुळे 'तो मंत्री आमच्या पक्षाचा नाही' असे म्हणून मुख्यमंत्र्यांना अंग काढून घेता येत नाही.

आपल्या मंडळातील ज्येष्ठांच्या मनात बहुधा मध्य प्रदेशातील 1967 असावे, आणि ग्वाल्हेरकरांना ते आठवणे स्वाभाविक आहे. राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पुढाकाराने काँग्रेसचे 36 आमदार फुटले, द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार पडले आणि गोविंद नारायण सिंह संविद (संयुक्त विधायक दल) या आघाडीच्या सरकारचे मुख्यमंत्री झाले. मोजक्या आमदारांची नाराजीसुद्धा त्या सरकारच्या जिवावर बेतू शकत होती, आणि मार्च 1969 मध्ये सिंह यांना पद सोडावे लागले. अशा ठिकाणी मजबुरी हा शब्द मी समजू शकतो.

महाराष्ट्रातील आकडे मात्र वेगळे आहेत. 2024 च्या निवडणुकीत 288 पैकी भाजपला 132, शिवसेनेला 57 आणि राष्ट्रवादी काँग्रेसला 41 जागा मिळाल्या, आणि बहुमताला 145 लागतात. दोन्ही मित्रपक्षांपैकी कोणताही एक बाजूला झाला तरी सरकार टिकते. एवढे बळ असताना मित्रपक्षाच्या मंत्र्याला हात लावता येत नाही हे म्हणणे मला पटत नाही. कोकाटे राष्ट्रवादीचे, त्यांच्याकडे क्रीडा खाते गेले आणि कृषी खाते त्याच पक्षाच्या दत्तात्रय भरणे यांच्याकडे आले. पक्षाचा वाटा जसाच्या तसा राहिला. आपण खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो, असे कोकाटे यांचे म्हणणे होते. ते खरे असेल तर कृषी खाते काढण्याचे कारण नव्हते, आणि खोटे असेल तर दुसरे खाते देण्याचे कारण नव्हते. खातेबदलाने या दोहोंपैकी कशाचाच निर्णय झाला नाही, माझी तक्रार आहे ती याच गोष्टीबद्दल.

राजीनामा म्हणजे गुन्ह्याची कबुली, ही समजूतही सोडली पाहिजे, कारण तिच्यामुळेच मंत्री शेवटपर्यंत खुर्ची धरून बसतात. आघाडी सरकारातील गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर 2008 मध्ये पद सोडले. त्यांच्यावर कोणताही खटला नव्हता, आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा गृहमंत्री झाले. केंद्रात द्रमुकचे मंत्री ए. राजा यांनी टू-जी स्पेक्ट्रम वाटपातील आरोपांवरून 2010 मध्ये राजीनामा दिला आणि 2017 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. याउलट बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या 9 डिसेंबर 2024 रोजी झाली आणि राज्याचे मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा आला 4 मार्च 2025 रोजी, हत्येची छायाचित्रे लोकांसमोर आल्यानंतर. मुंडे त्या खटल्यात आरोपी नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे; परंतु त्यांच्या निकटवर्तीयावर या प्रकरणात एवढा गंभीर आरोप असताना जवळजवळ तीन महिने पदावर राहणे योग्य नव्हते, असे माझे ठाम मत आहे, आणि त्या काळात सरपंचांच्या घरच्यांना न्यायासाठी मोर्च्यांतून फिरावे लागले.

आपल्या मामेभावांनी पत्र लिहायचे ठरवले तर ते पक्षाध्यक्षांना नव्हे, मुख्यमंत्र्यांना लिहावे, आणि त्याची प्रत आपल्या आमदारांना द्यावी. पत्रात व्हिडिओचा उल्लेख एका ओळीत पुरे. गट क्रमांक, पंचनाम्याची तारीख आणि किती क्विंटल कांदा भिजला हे मात्र सविस्तर लिहावे.