पियानोवरचा दिवा घेताना
वॅट नंतर बघा, आधी दिव्याची लांबी बघा. नोटेशनची ए-फोर आकाराची दोन पानं उघडली की रुंदी 42 सेंटिमीटर होते. गोल टेबललॅम्पनं मधली घडी तेवढी उजळते, कडेच्या ओळी अंधारातच. आडवी एलईडी पट्टी घ्या, 4000 केल्विनच्या आसपासची, म्हणजे ना फार पिवळा ना निळसर असा पांढरा उजेड देणारी. कागद चमकत असेल तर ती जरा तिरकी करा. डिजिटल पियानोच्या स्टँडला जड क्लिप लावू नका, वाजवताना सगळं हलतं. आपल्या लातूर-परभणीकडं लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून यूएसबीवाला बरा. पॉवर बँकेवर भागतं. (पावसाळ्यात मात्र दिव्यावर पाखरं येतात, खिडकी लावूनच बसा.) दुकानातच दिव्याचा उजेड कमी करून तो कानाशी धरा. गुणगुणला तर सरळ परत ठेवा.