हायड्रोजनमध्ये संशोधन करायचंय, पण त्यासाठी घर तारण नको

पत्राचा सारांश: माझी मुलगी पुण्यात केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला फ्युएल सेलवर संशोधन करायचं आहे. या विषयात सगळे देश मिळून काम करतात, त्यामुळे बाहेर गेल्याशिवाय काही होणार नाही, असं ती म्हणते. एका एजंटाने जर्मनीतल्या खाजगी विद्यापीठातला, नावातच 'हायड्रोजन' असलेला दोन वर्षांचा मास्टर्स सुचवलाय. एकूण खर्च २८ लाख. मी शाळेत शिकवते, यजमानांचं किराणा दुकान आहे. घर तारण ठेवावं लागेल. हे आंतरराष्ट्रीय सहकार्य खरंच असतं का, आणि त्यात आमच्या मुलीला जागा आहे का? – एक आई, बार्शी

नमस्कार ताई,

मुलीचं अर्धं म्हणणं अगदी बरोबर आहे. या विषयात एकट्या देशाचं भागत नाही. फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणारा सेल. तो उघडून बघितला तरी ते दिसतं. त्यातलं प्लॅटिनम बहुधा दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतून आलेलं असतं, कारण जगातलं सुमारे ७० टक्के तिथेच निघतं. मधला पातळ पडदा बऱ्याचदा नाफिऑन नावाच्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, म्हणजे मूळचा अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीचा. कार्बन पेपर जपानचा किंवा जर्मनीचा. असा एक सेल भार आल्यावर जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट देतो, म्हणून ते शेकड्यांनी एकावर एक रचावे लागतात. टोयोटाच्या पहिल्या मिराई गाडीत ३७० होते.

आता समजा, पुण्यातल्या प्रयोगशाळेने नवा पडदा बनवला आणि जर्मनीतल्या युलिशच्या संशोधन केंद्रात तो तपासला. तापमान, दाब, वायूतला ओलावा यांत थोडा जरी फरक पडला, तरी आकडे जुळत नाहीत. मग पडदा चांगला की चाचणी वेगळी, हेच ठरत नाही. म्हणून युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने सगळ्यांनी एकाच पद्धतीने चाचण्या घ्याव्यात यासाठी नियम तयार केले. त्यातलं बरंच काम नेदरलँड्समधल्या पेटन इथे होतं. त्यात सेल किती हजार तास टिकतो हा प्रश्न असतोच, आणि त्याच्या चाचण्या महिनोन् महिने चालतात. सहकार्य म्हणतात ते मुख्यतः हे: कंटाळवाणं, चिकाटीचं आणि माणसं लागणारं. तुमच्या मुलीला जागा आहे ती इथे.

वर्तमानपत्रात दिसतं ते सहकार्य मात्र वेगळं. २००३ मध्ये हायड्रोजन आणि फ्युएल सेलसाठी आयपीएचई ही सरकारांची भागीदारी स्थापन झाली. भारत तिचा संस्थापक सदस्य आहे, आणि मार्च २०२४ मध्ये तिच्या सुकाणू समितीची बैठक दिल्लीत भरली होती. धोरणं आणि मानकं जुळवायला अशा बैठका हव्यातच. पण त्यातून विद्यार्थ्याला थेट काही मिळत नाही. एजंट मंडळी मात्र अशाच बातम्यांची कात्रणं दाखवतात, म्हणून सांगून ठेवते.

विद्यार्थ्यांच्या कामाच्या योजना निराळ्या. भारत-जर्मनी विज्ञान-तंत्रज्ञान केंद्राच्या 'टू प्लस टू' प्रकल्पांत दोन्ही देशांची एकेक संशोधन संस्था आणि एकेक कंपनी असते. पवईला आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियाचं मोनॅश विद्यापीठ यांची संयुक्त पीएच.डी. आहे. संशोधक बराच काळ पवईत, काही काळ मेलबर्नला राहतो आणि पदवी दोन्हीकडची मिळते. युरोपात मारी क्युरीच्या नावाचं डॉक्टरल नेटवर्क आहे. त्यात कोणत्याही देशाचा विद्यार्थी अर्ज करू शकतो, आणि निवड झाली की फी भरायची नसते, उलट पगार मिळतो.

या शेवटच्या योजनेत एक अट आहे, ती मुलीला दोनदा वाचायला सांगा. ज्या देशात नेमणूक होणार, तिथे उमेदवार आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावा. म्हणजे २८ लाख भरून दोन वर्षं जर्मनीत काढली, तर मास्टर्स संपताच तिथल्याच मारी क्युरी जागांसाठी ती अपात्र ठरेल. जर्मनीतल्या इतर जागा आणि दुसरे देश उरतील, पण जी दारं फुकट उघडी होती त्यातलं एक आपणच पैसे देऊन बंद केलेलं असेल. हे एजंट सांगणार नाही. कदाचित त्यालाही माहीत नसेल.

आता कर्जाचं बघू. २८ लाख साडेदहा टक्क्यांनी १० वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना सुमारे ३७,८०० रुपये. शिकण्याच्या काळातलं व्याज धरलं तर आणखी जास्त. आपल्याकडे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना ३७,००० आहे. म्हणजे परत येऊन संशोधन करायचं म्हटलं, तर अख्खी फेलोशिप बँकेला द्यावी लागेल, आणि मग पोरगी संशोधन सोडून मिळेल ती नोकरी धरेल. जर्मनीलाच जायचं ठरलं तरी तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. राहण्याखाण्यासाठी खात्यात वर्षाला सुमारे १२ हजार युरो दाखवावे लागतात, पण ते पैसे तिच्याच खर्चाचे असतात.

माझं मत स्पष्ट आहे: हा मास्टर्स घेऊ नका. तिला गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीची परीक्षा, द्यायला सांगा. तिसऱ्या वर्षातही ती परीक्षा देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात. एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. युरोपात पीएच.डी.च्या जागेसाठी बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतोच, तो इथे कर्जाशिवाय होतो. आणि ती पुण्यात राहूनच बाहेर बघतेय, याची मला गंमत वाटते. एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तिच्याच शहरात आहे. एनसीएल आणि तमिळनाडूतल्या कराईकुडीची प्रयोगशाळा या दोन्ही सरकारी सीएसआयआर संस्थांनी केपीआयटी या पुण्यातल्या कंपनीबरोबर देशी फ्युएल सेलची गाडी २०२० मध्ये चालवून दाखवली. २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात हायड्रोजनची बसही आली. एनसीएल बाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी घेते.

एक धोका मात्र सांगायला हवा. हायड्रोजनची हवा येते-जाते. २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यासाठी १२० कोटी डॉलर जाहीर केले. २००९ मध्ये तिथल्याच ऊर्जामंत्र्यांनी गाड्यांच्या फ्युएल सेलचा निधी कापायचा प्रस्ताव मांडला. आपल्या सरकारने २०२३ मध्ये हरित हायड्रोजन मोहिमेला १९,७४४ कोटी मंजूर केले, त्यातले संशोधनासाठी ४०० कोटी. आणि जुलै २०२५ मध्ये स्टेलांटिससारख्या मोठ्या वाहन कंपनीने हायड्रोजन गाड्यांचा कार्यक्रम गुंडाळला. म्हणून पदवीच्या नावातल्या हायड्रोजनला मी फारशी किंमत देत नाही. तिने इलेक्ट्रोकेमिस्ट्री, म्हणजे वीज आणि रासायनिक क्रिया यांच्या संबंधाचं शास्त्र, पक्की करावी. ती बॅटरीत चालते, गंज रोखायला चालते, मिठाच्या पाण्यातून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा काढणाऱ्या क्लोर-अल्कली कारखान्यांतही चालते. हायड्रोजन मंदावला तरी तिच्या हाताला काम राहील.

पुढच्या वर्षभरात तिने एवढं करावं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एका छोट्या सेलवर घ्यावा, २५ चौरस सेंटिमीटरचाही पुरतो. इम्पीडन्स स्पेक्ट्रोस्कोपीचा, म्हणजे सेलमधला विजेचा अडथळा मोजणाऱ्या चाचणीचा, आलेख स्वतः काढून वाचायला शिकावं. आणि प्राध्यापकांना मेल पाठवताना तोच मजकूर दोनशे जणांना पाठवू नये, ते लगेच ओळखू येतं. ज्यांचा शोधनिबंध नीट वाचलाय अशा चार-पाच जणांनाच लिहावं, आणि त्या निबंधातल्या एखाद्या आलेखावर खरा प्रश्न विचारावा. उत्तरं कमी येतील, पण येतील त्यांतून काहीतरी पुढे सरकेल.

एजंटाने 'सीट अडवायला' टोकन मागितलं असेल तर देऊ नका. दिलं असेल तर पावती आणि परताव्याची अट आजच लेखी मागा, आणि घराची कागदपत्रं बँकेत नेऊ नका.