मनाउसला निघालेला मामेभाऊ तिथं नेमकं काय करणार?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मामेभाऊ नगर रस्त्यावरच्या सेमिनरीतून शिकून फादर झाला, त्याच्या धर्मसंघानं त्याला ब्राझीलमध्ये मनाउसला पाठवायचं ठरवलं, मामींनी "पोरगं जंगलात चाललं" म्हणून अंथरूण धरलंय आणि ऑफिसातले विचारतात, तिथल्या आदिवासींना बाटवायला चाललाय का? मी मिशनरी नाही. पुण्यातून ब्राझील-पेरूला निघालेल्या फादर-सिस्टरांना पोर्तुगीज आणि स्पॅनिश शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि त्यातले पुष्कळजण अजून फोन करतात. त्या जोरावर लिहितोय.

मामींना आधी सांगा की मनाउस हे अॅमेझॉनच्या खोऱ्यातलं वीस लाखांवर वस्तीचं शहर आहे. रबराच्या पैशावर १८९६ साली उघडलेलं ऑपेरा थिएटर तिथं आहे, १९६७ पासून करसवलतीचं औद्योगिक क्षेत्र आहे, टीव्ही आणि मोटारसायकलींचे कारखाने आहेत. जंगल आहे ते शहराच्या बाहेर. आणि नव्या फादरला बहुधा पहिली काही वर्षं शहरातच काढावी लागतात, कारण काम तिथं साचलंय.

मराठवाड्यातून दुष्काळात निघालेली कुटुंबं जशी आपल्याकडे पुण्यात जनता वसाहतीत किंवा ताडीवाला रोडला येऊन टेकतात, तशी नदीकाठची माणसं मनाउसच्या ओढ्यांवर लाकडी खांब रोवून घरं बांधतात. त्यात अनेक जमातींचे लोक. गावात ज्याची स्वतःची भाषा आणि जमीन होती, तो इथं बिनकागदाचा मजूर होतो. पार्की दास त्रिबोस नावाची एक वस्ती तर वेगवेगळ्या जमातींच्या लोकांनी मिळून उभी केलीय. अलीकडे व्हेनेझुएलातून आलेले वाराओ आदिवासीही त्यात आले. तिथला फादर सकाळी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करतो हे खरं, पण उरलेला दिवस जन्मदाखले, पाळणाघर, दारू आणि ड्रग्जच्या नादी लागलेली पोरं, पोलीस चौकी यातच जातो. जानेवारी २०२१ मध्ये मनाउसच्या रुग्णालयांतला ऑक्सिजन संपला, तेव्हा तिथल्या आर्चबिशपनी व्हिडिओवरून देशभर हात पसरले होते. चर्चकडून लोकांची अपेक्षा काय असते, ते त्यावरून कळतं.

आता जंगल. रिओ नेग्रो नदीनं वर गेलं की साव गाब्रिएल दा काश्वेइरा लागतं, मनाउसपासून साधारण साडेआठशे किलोमीटर, बोटीत झोळी टांगून झोपत जायचं. (मामींना हेही सांगा की रिओ नेग्रोचं पाणी काळं आणि आम्लधर्मी असल्यानं तिथं डास फार कमी. हिवतापाच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना विचाराच.) अंतरं आपल्या हिशेबात बसत नाहीत. शिंगू हा एक धर्मप्रांत २०१९ मध्ये विभागला जाईपर्यंत अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा होता. त्यामुळे जुनी रीत अशी, की फादर वर्षातून एकदा बोटीनं यायचा, साठलेले बाप्तिस्मे, लग्नं, पापनिवेदनं एका दमात उरकायचा आणि पुढच्या गावाला निघायचा. बाकीचं वर्ष गावातली भक्ती कोण चालवायचं? बायका. आजही प्रार्थना घेणं, मुलांना शिकवणं, मयतीला उभं राहणं ही कामं बहुतेक ठिकाणी त्याच करतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये रोमला अॅमेझॉनसाठी सिनॉड, म्हणजे बिशपांची सभा, भरली, त्यात मोठा मुद्दा हाच होता की भेट देऊन जाणाऱ्या चर्चनं आता तिथं राहायला शिकावं. विवाहित पुरुषांनाही गुरुदीक्षा देऊन फादर करावं असाही प्रस्ताव मंजूर झाला, पोप फ्रान्सिस यांनी तो पुढे नेला नाही. माझ्या मते ती संधी हुकली, पण ते असो.

बाटवण्याबद्दल ऑफिसातल्यांना काय सांगायचं? इतिहास झाकू नका. येशूसंघीयांनी (जेझुइट फादरांनी) सतराव्या शतकात गुलाम पकडणाऱ्यांपासून आदिवासींना वाचवलं, पण वाचवताना मिशनच्या गावांत एकत्र आणून वसवलं, आणि देवीच्या साथीत तीच गावं ओस पडली. विसाव्या शतकात रिओ नेग्रोवर सालेशियन या दुसऱ्या कॅथलिक धर्मसंघानं निवासी शाळा काढल्या. पोरांना आईची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा, आणि अनेक कुटुंबं एकत्र राहायची ती मोठी सामूहिक घरं सैतानाची म्हणून पाडून टाकली. त्याच साव गाब्रिएलमध्ये २००२ साली न्येंगातू, तुकानो आणि बानिवा या तीन भाषांना पोर्तुगीजच्या जोडीनं अधिकृत दर्जा मिळाला. गंमत म्हणजे यातली न्येंगातू पसरवली होती जुन्या येशूसंघीयांनीच.

पण त्याच काळात दुसरी वाटही निघाली होती. १९५२ मध्ये 'येशूच्या लहान भगिनी' या संघाच्या सिस्टर ब्राझीलमधल्या तापिरापे जमातीत राहायला गेल्या, तेव्हा जमातीत पन्नासच्या आसपास माणसं उरली होती. या सिस्टर त्यांच्यासारख्या झोपडीत राहिल्या, शेती केली, आजाऱ्यांची सेवा केली, धर्मांतराच्या वाटेला गेल्या नाहीत. आज ती जमात शेकड्यांनी आहे. १९७२ मध्ये ब्राझीलच्या बिशपांनी आदिवासींसाठी सिमी (CIMI) ही मिशनरी संस्था काढली, तिचं मुख्य काम जमिनीच्या हक्काचं. त्याची किंमतही मोजावी लागली. जमिनीच्या लढ्यात गरीब शेतकऱ्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या ७३ वर्षांच्या सिस्टर डोरोथी स्टँग यांना १२ फेब्रुवारी २००५ ला आनापूजवळ गोळ्या घातल्या. इक्वाडोरमध्ये बिशप आलेहांद्रो लाबाका आणि सिस्टर इनेस अरांगो तेल कंपन्यांच्या आधी बाहेरच्यांशी संपर्क न ठेवणाऱ्या तागाएरी जमातीपर्यंत पोचायला म्हणून गेले, आणि २१ जुलै १९८७ ला त्याच लोकांच्या भाल्यांनी मेले. ब्राझील सरकारचं धोरण त्याच वर्षापासून असं, की बाहेरच्या जगाशी संपर्क नसलेल्या जमातींकडे आपण होऊन जायचं नाही.

मला विचाराल तर अॅमेझॉनमधल्या ज्या मिशनऱ्यांचं नाव तिथले लोक आदरानं घेतात, ते बाप्तिस्म्याची वही भरणारे नव्हेत. आणि तुमचा भाऊ ज्या वस्त्यांत जाईल, तिथली बरीच माणसं पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिकच आहेत. उलट पेंटेकोस्टल या प्रोटेस्टंट पंथांकडे गर्दी चाललीय, ही तिथल्या फादरांची रोजची तक्रार.

भावाला माझा एकच आग्रह: वरिष्ठांना विचार, किती वर्षांसाठी? दोन-तीन म्हणाले तर भांडून वाढवून घे. पोर्तुगीज बोलायलाच एक वर्ष जातं, तुकानो किंवा न्येंगातू पुढची गोष्ट. ब्राझीलच्या बिशप परिषदेचा परदेशी मिशनऱ्यांसाठी भाषा-संस्कृतीचा वर्ग ब्राझिलियात चालतो, तो चुकवू नये. निघण्याआधी पुण्यातल्या ईशवाणी या मिशन-अभ्यासाच्या केंद्रात जाऊन मिशनचा इतिहास वाचला तर उत्तम. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि तिचं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवायचं. ते नसेल तर सुट्टीवर परतताना आपल्याच विमानतळावरून त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, आणि मामी बाहेर डबा घेऊन उभ्या राहतील.