रूमी भाषेचे नियम मोडतो म्हणजे नेमकं काय करतो?

तुम्ही विचारलंय, ‘फारसी सूफी कवी भाषेची मोडतोड करतात असं वाचलं, पण भाषांतरात ती दिसत का नाही?’ भाषांतरात अर्थ उतरतो, प्रत्यय मागेच राहतात. आणि फारसी सूफी कवी रूमीची (1207–1273) खरी गंमत प्रत्ययांत आहे.

फारसी शिकताना मी ज्या ओळीवर पहिल्यांदा थबकलो ती सांगतो. रूमीचा गुरू शम्स याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीवानातल्या, म्हणजे काव्यसंग्रहातल्या, एका गझलेची सुरुवात अशी: ‘दर दो चश्मे मन नशीन, ऐ आं के अज़ मन मन-तरी.’ माझ्या दोन्ही डोळ्यांत बैस, माझ्याहूनही अधिक ‘मी’ असलेल्या तू!

यातला ‘तर’ आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतातल्या ‘लघुतर’, ‘उच्चतर’मधला ‘तर’ आणि हा एकाच मुळातून आलेले; ‘बदतर’ तर आपण थेट फारसीतूनच घेतला. तो लागतो विशेषणाला. रूमीने तो ‘मन’ला, म्हणजे ‘मी’ या सर्वनामाला लावला! शेवटचा ‘ई’ म्हणजे ‘तू आहेस’. एकाच शब्दात आधी मी, मधे ‘अधिक’, शेवटी तू. ‘माझ्यात आणि तुझ्यात भेद उरला नाही’ असं सांगायला इतरांना अख्खा शेर लागतो, इथे ते व्याकरणातच घडतं. पुढच्याच ओळीत यमक येतं ‘रौशन-तरी’, अधिक उजळ आहेस. तो शब्द अगदी नियमात बसणारा, त्यामुळे आधीचा बंडखोर शब्दही कानाला सहज पटतो.

हे मराठीत आणायचा मी बराच प्रयत्न केला. ‘मीतर’ लिहिलं की वाचणारा ‘मी तर’ वाचतो आणि सगळं कोसळतं. आणखी एक अडचण म्हणजे फारसी ‘ऊ’ला, म्हणजे ‘तो/ती’ या सर्वनामाला, लिंग नाही. तो प्रियकर, गुरू की ईश्वर, हे मूळ कवितेत मोकळं राहतं. मराठीत तो, ती, ते यांतलं एक निवडावंच लागतं.

शब्द फोडूनही हे कवी बरंच काही साधतात. अत्तार या फारसी सूफी कवीच्या काव्यात पक्षी आपला राजा सीमुर्ग शोधायला निघतात, शेवटी तीसच पोचतात. फारसीत ‘सी’ म्हणजे तीस, ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी. म्हणजे शोधणारेच सीमुर्ग.

रूमी वृत्तालाही सोडत नाही. ‘मुफ्तइलुन मुफ्तइलुन मुफ्तइलुन कुश्त मरा’, या मुफ्तइलुनने मला मारून टाकलं! मुफ्तइलुन हे वृत्तातल्या एका गणाचं नाव; आपल्या खुणांत गाललगा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू). आता ‘कुश्त मरा’ म्हणून बघा: तेही गाललगाच. वृत्ताविरुद्धची तक्रार वृत्तात चपखल बसलेली. मला ही ओळ फार आवडते, कारण तिच्यातली घुसमट खरी आहे. जे सांगायचंय ते शब्दांत मावत नाही, आणि शब्दांवाचून सांगता येत नाही.

म्हणूनच गझलेच्या शेवटी, जिथे कवी आपलं नाव गुंफतो, तिथे रूमी अनेकदा एवढंच म्हणतो: ‘खामूश’, म्हणजे गप्प.