सेलेनियममधे स्टेटस कोड सापडत नाहीये
प्रश्न: मी टेस्टिंगमधे नवीन आहे, आमच्या टेस्ट्स सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) आणि पायथनमधे आहेत. लीड म्हणतात प्रत्येक पान उघडलं की २०० (म्हणजे सर्व्हरचा 'सगळं ठीक' सांगणारा स्टेटस कोड) आला का ते चेक कर, पण तसं फंक्शनच सापडत नाहीये. पान ४०४ (सापडलं नाही) असलं तरी टेस्ट आपली हिरवी. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: सापडणार नाही, कारण ते नाहीचे. वेबड्रायव्हर, म्हणजे सेलेनियमचा ब्राउझर चालवणारा भाग, साधारण माणसासारखा ब्राउझर चालवतो, आणि माणसाला कोड कुठे दिसतो, त्याला फक्त एररचं पान दिसतं. सेलेनियमवाल्यांनी तर टाळायच्या गोष्टींमधे रिस्पॉन्स कोड चक्क नाव घेऊन टाकलाय. त्यांचं म्हणणं, पान लोड झालं की टायटल नाहीतर मुख्य हेडिंग तपासा, पेज ऑब्जेक्ट (एकेका पानासाठी लिहिलेला क्लास) वापरत असाल तर त्याच्या कन्स्ट्रक्टरमधेच. मला हे पटतं, पण लीडना आकडाच हवा असेल तर तो ब्राउझरच्या बाहेरून घ्या. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी आहे, तिच्याने यूआरएलची अख्खी यादी ब्राउझर न उघडता तपासून होते आणि वेळही खूप कमी लागतो.

आता खरी गोम. लॉगिन लागणारं पान तुम्ही लॉगिन न करता मागितलं की बऱ्याच साइट्स ३०२ ('दुसऱ्या पत्त्यावर जा' हा कोड) देऊन लॉगिनच्या पानावर पाठवतात, रिक्वेस्ट्स गुपचूप मागोमाग जाते, लॉगिनचं पान २०० देतं आणि तुमची टेस्ट पास, म्हणजे जे पान तपासायचं होतं ते बघितलंच नाही! म्हणून रीडायरेक्ट फॉलो करणं बंद ठेवा, आणि ब्राउझरमधे लॉगिन झाल्यावर तिथल्या कुकीज (लॉगिनची ओळख त्यातच असते) काढून रिक्वेस्ट्सच्या सेशनमधे टाका. घाई म्हणून गेटऐवजी हेड (पानाचा मजकूर न मागवणारी रिक्वेस्ट) वापरायचा मोह होईल, पण काही सर्व्हर हेडला ४०५ (ही पद्धत चालत नाही) देतात, मग उगाच बग शोधत बसाल.

साइट रिअ‍ॅक्टसारख्या फ्रेमवर्कमधली सिंगल पेज अ‍ॅप असेल तर अजून मजा, तिथे सर्व्हर बहुतेकदा कुठल्याही पत्त्याला तीच इंडेक्स फाइल २०० सकट देतो, "पान सापडले नाही" हे जावास्क्रिप्ट नंतर दाखवतं, त्यामुळे तिथे मजकूरच तपासावा लागतो, लीड काहीही म्हणोत.

प्लेराइटवर (सेलेनियमसारखंच दुसरं टूल) जायचा विचार असेल तर तिथे गोटू (पान उघडायचं फंक्शन) थेट रिस्पॉन्स देतं, त्यातून स्टेटस मिळतो. फक्त ४०४ किंवा ५०० (सर्व्हरची एरर) आला म्हणून गोटू स्वतःहून फेल होत नाही, असर्ट (तपासणीची ओळ) तुम्हालाच लिहावा लागेल.