वाचकांचे प्रश्न : जुन्या मदरबोर्डवर नवी एसएसडी चालेल का?

प्रश्न : माझा गेमिंगचा डेस्कटॉप संगणक २०१९ मध्ये सुटे भाग घेऊन जुळवलेला आहे. मदरबोर्ड बी४५० चिपसेटचा आणि प्रोसेसर रायझन ५ ३६०० आहे. विंडोज २४० जीबीच्या साटा एसएसडीवर आहे आणि सगळे गेम १ टीबीच्या हार्ड डिस्कवर आहेत. मोठे गेम सुरू व्हायला फार वेळ घेतात आणि खेळताना नवा भाग आला की चित्र क्षणभर अडखळते. सेकंदाला ७,००० एमबी वेगाची जेन ४ एनव्हीएमई एसएसडी घ्यावी असे मनात आहे. ती माझ्या मदरबोर्डवर चालेल का? तिच्यामुळे फ्रेम रेट वाढेल का? विंडोजही तिच्यावर हलवावी का?

उत्तर : ती चालेल, पण ७,००० एमबीचा वेग आपल्याला मिळणार नाही. पीसीआयई हा मदरबोर्डवरचा माहिती वाहून नेणारा वेगवान मार्ग आहे आणि जेन ४ म्हणजे त्याची चौथी पिढी, पीसीआयई ४.०. आपल्या प्रोसेसरमध्ये तिची क्षमता आहे. मात्र तो बनवणाऱ्या एएमडी कंपनीने ती ५०० मालिकेच्या चिपसेटपासून (चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरची नियंत्रक चिप) पुढेच अधिकृतपणे खुली केली, त्यामुळे बी४५० वर एसएसडीचा मुख्य स्लॉट पीसीआयई ३.० नेच काम करतो. त्याच्या चार लेनमधून, म्हणजे समांतर वाटांमधून, प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ३,५०० एमबी मिळतात. जेन ४ ची एसएसडी अशा स्लॉटमध्ये बसवली तर ती आपोआप खालच्या वेगाशी जुळवून घेते आणि त्यात तिचे काहीही नुकसान होत नाही. म्हणून किमतीत थोडाच फरक असेल तर जेन ४ जरूर घ्या, कारण पुढे मदरबोर्ड बदललात तरी तीच एसएसडी आपल्या पूर्ण वेगाने वापरता येईल. फरक मोठा असेल तर चांगली जेन ३ एसएसडी आज आपल्याला तेवढेच काम देईल. जेन ५ चा विचार मात्र करू नका. तिचा वेग इथे वाया जाईल आणि त्या एसएसडी तापतातही जास्त.

वेगापेक्षा स्लॉटकडे आधी लक्ष द्यावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण खरेदीतल्या बहुतेक चुका तिथेच होतात. एम.२ हे केवळ आकाराचे आणि जोडणीचे नाव आहे. त्यावरून वेग कळत नाही. एकाच आकाराची एम.२ एसएसडी साटा या जुन्या, मंद पद्धतीची असू शकते किंवा पीसीआयईवरून चालणाऱ्या एनव्हीएमई पद्धतीची. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबतो, म्हणजे आपल्या सध्याच्या एसएसडीइतकाच. मदरबोर्डवरचे काही स्लॉट दोन्ही पद्धती स्वीकारतात, काही एकच. सोनेरी टोकाशी एकच खाच असेल तर ती एसएसडी बहुधा एनव्हीएमई असते आणि दोन खाचा असतील तर बहुधा साटा, पण एवढ्या खुणेवर विसंबू नका. खोक्यावर एनव्हीएमई हा शब्द आणि २२८० हा आकडा, म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी, दोन्ही पाहूनच घ्या.

यानंतर मदरबोर्डच्या पुस्तिकेतला एम.२ चा तक्ता उघडा. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेलचे नाव टाकून कंपनीच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेता येते. बी४५० वर पहिला एम.२ स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. दुसरा असलाच तर तो अनेकदा मंद असतो, म्हणून नवी एसएसडी पहिल्यातच बसवा. त्याच तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप असते आणि ती आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे : अनेक मदरबोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट वापरात आला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात. आपल्याकडे साटाची दोन उपकरणे आहेत. नवी एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर ती बिघडली असे समजण्याआधी तिची केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहा.

आता फ्रेम रेटविषयी. तो प्रामुख्याने ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात, एसएसडीने तो वाढत नाही. गेम लोड होण्याचा वेळ मात्र चांगलाच कमी होईल. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला अर्धा फेरा पुरा करायलाच ४ मिलिसेकंदांहून अधिक लागतात, आणि वाचणारे टोक जागेवर जायला लागणारा वेळ वेगळाच. गेमच्या हजारो लहान तुकड्यांसाठी ही खेप पुन्हा पुन्हा होते. एसएसडीत फिरणारे काही नसल्यामुळे हे थांबणे जवळजवळ संपते. हार्ड डिस्ककडून कोणत्याही एसएसडीकडे येण्यात जो फरक जाणवतो, तेवढा साटाकडून एनव्हीएमईकडे जाण्यात बहुतेक गेममध्ये जाणवत नाही. चित्र अडखळण्याचे कारण हार्ड डिस्क असेल तर तेही कमी होईल. पण रॅम ८ जीबीच असेल तर दोष तिथेही असू शकतो, म्हणून खेळताना टास्क मॅनेजरमध्ये रॅम आणि डिस्क यांपैकी काय शंभर टक्क्यांजवळ जाते ते खरेदीपूर्वी पाहून ठेवा.

निवडताना टीएलसी प्रकारची, म्हणजे चिपच्या प्रत्येक पेशीत तीन बिट साठवणारी एसएसडी घ्या. पेशीत चार बिट साठवणारी क्यूएलसी स्वस्त असते, पण तिची कॅशे, म्हणजे लिहिण्यासाठीची वेगवान तात्पुरती जागा, भरली की लिहिण्याचा वेग एकदम खाली येतो आणि शंभर जीबीचा गेम कॉपी करताना ते ठळकपणे जाणवते. स्वतंत्र डीरॅम (एसएसडीची स्वतःची कामचलाऊ मेमरी) नसलेल्या एनव्हीएमई एसएसडी संगणकाच्या रॅमचा थोडा भाग वापरून काम भागवतात. गेमसाठी त्या पुरेशा आहेत.

बसवताना संगणक बंद करून वीजजोडणी काढा आणि केसच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. स्लॉट ग्राफिक्स कार्डाखाली झाकला गेला असेल तर कार्ड आधी काढावे लागेल. एसएसडी साधारण ३० अंशांत तिरपी धरून सोनेरी टोक पूर्ण आत जाईपर्यंत हळूच ढकला. सोडल्यावर तिचे दुसरे टोक किंचित वर उचललेले राहते. ते बोटाने दाबून धरून स्क्रू लावा. हा स्क्रू अगदी बारीक असतो आणि बहुधा मदरबोर्डच्या खोक्यातल्या लहान पिशवीत पडलेला असतो, तेव्हा तो आधी शोधून ठेवा. हीटसिंक (उष्णता शोषणारी धातूची पट्टी) बसवणार असाल तर त्याच्या पॅडवरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा सोलायला विसरू नका.

विंडोज सध्या आहे तिथेच राहू द्यावी असे माझे मत आहे. ती आधीच एसएसडीवर आहे, हलवून फारसे हाती लागणार नाही. फक्त गेम हलवा. स्टीमसारख्या लाँचरमध्ये तशी सोय असते आणि गेम पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही.

प्रश्न : नवी एनव्हीएमई एसएसडी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) दिसते, पण विंडोजमध्ये ड्राइव्ह म्हणून येत नाही. ती परत करावी का?

उत्तर : इतक्यात नको. कोरी एसएसडी आधी तयार करावी लागते. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, नव्या डिस्कसाठी जीपीटी ही विभागणीची पद्धत निवडा, मग रिकाम्या जागेवर उजवी क्लिक करून न्यू सिंपल व्हॉल्यूम बनवा. मात्र आपण नव्याच डिस्कवर काम करत आहोत याची तिच्या आकारावरून खात्री करून घ्या. १ टीबीची एसएसडी तिथे साधारण ९३१ जीबी दिसते आणि तो दोष नाही. आधी माहिती साठवलेली डिस्क असेल तर या पायऱ्या अजिबात करू नका.