कमी गुण असलेल्याला प्रवेश, मला नकार

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातली आहे. एका विद्यापीठाच्या विभागात एम.एस्सी. रसायनशास्त्रासाठी ओबीसी प्रवर्गातून अर्ज केला होता. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र गेल्या वर्षीचे आहे, पण त्यावर येत्या 31 मार्चपर्यंतची मुदत आहे. तरी तात्पुरत्या यादीत मला खुल्या प्रवर्गात टाकले. दुसऱ्याच दिवशी विभागाला ई-मेल केला, उत्तर नाही. अंतिम यादीत माझ्यापेक्षा कमी गुणांच्या ओबीसी उमेदवाराला प्रवेश मिळाला. विभागात गेले तर ‘प्रक्रिया संपली, पुढच्या वर्षी या’ म्हणाले. कोर्टात जाऊ का?

उत्तर : तुमची बाजू भक्कम आहे, आणि ती भक्कम केली आहे त्या ई-मेलने. हरकतीची मुदत संपायच्या आत तुम्ही चूक लक्षात आणून दिली होती, हे त्याच्या तारीख-वेळेवरून सिद्ध होते. तो जपून ठेवा, त्याची प्रिंट काढा.

विभागात तोंडी मिळालेल्या उत्तराला कोर्टात फारशी किंमत नसते. म्हणून उद्याच कुलसचिवांच्या नावे लेखी अर्ज द्या. प्रमाणपत्राची मुदत, दोघांचे गुण आणि ई-मेलची तारीख लिहा, नकाराचे कारण लेखी मागा. अर्ज आवक-जावक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. पोच मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.

त्याच दिवशी विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडेही तक्रार करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2023 च्या विनियमांनुसार प्रवेश मागणारा उमेदवारही ‘विद्यार्थी’ ठरतो आणि गुणवत्ता डावलून दिलेला प्रवेश हा तक्रारीचा विषय आहे. समितीने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे (ओम्बड्सपर्सन) अपील करता येते.

पण एकदा तासिका सुरू झाल्या की प्रत्येक आठवडा तुमच्या विरोधात जातो. त्यामुळे आठवड्याभरात हालचाल दिसली नाही तर समितीच्या अहवालाची वाट पाहत बसू नका. राज्यघटनेच्या कलम 226 खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट याचिका करा आणि एक जागा रिकामी ठेवण्याचा अंतरिम आदेश मागा. आधी समितीकडे का थांबला नाहीत, असे विद्यापीठ म्हणेल. त्याला उत्तर म्हणजे शिक्क्याची ती प्रत. माहिती अधिकारात अर्ज जरूर करा, पण त्याला 30 दिवस लागू शकतात; याचिका त्यासाठी अडवू नका.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये एस. कृष्णा श्रद्धा प्रकरणात हेच तपासले होते : उमेदवाराचा दोष नाही ना, नियम प्रशासनाने मोडला ना, आणि तो विनाविलंब न्यायालयात आला ना. प्रकरण एमबीबीएस प्रवेशाचे होते, पण केवळ नुकसानभरपाई पुरेशी नाही, अपवादात्मक प्रकरणात प्रवेशही द्यावा, हे तत्त्व तुम्हाला मांडता येईल. पहिल्या दोन कसोट्या तुम्ही पार केल्या आहेत. तिसरी अजून तुमच्या हातात आहे.

ज्याला प्रवेश मिळाला त्यालाही प्रतिवादी करावे लागेल, कारण निकालाची झळ त्याला बसू शकते. त्याची चूक नाही. म्हणून मागणी आधी रिक्त किंवा वाढीव जागेची ठेवा. मला तीच न्याय्य वाटते.

दरम्यान दुसरीकडे प्रवेश मिळत असेल तर घ्या, वर्ष पणाला लावू नका. तो तात्पुरता आहे, हक्क सोडलेला नाही, हे याचिकेत नमूद करा.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर खंडपीठातील विधी सेवा उपसमितीकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.